बाळंतिणीच्या झोपेचा हिशोब

बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी आशाताई, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, घरी येते, तेव्हा तिच्या हातात नवजात बाळाच्या गृहभेटीचा फॉर्म असतो. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. बाळाचं वजन, ताप, नाळ, श्वास, डोळे, कातडी हे सगळं त्यात येतं. आईसाठीही प्रश्न आहेत. चोवीस तासांत पोटभर जेवण किती वेळा झालं, पॅड किती बदलले, ताप आहे का, स्तनाग्रांना चिरा पडल्या आहेत का. ती झोपली किती, हे मात्र कुठे विचारलेलं नाही.

हा एक प्रश्न त्या फॉर्मात यायला हवा, असं माझं म्हणणं आहे. तो विचारून उत्तर लिहून घ्यायला हवं, आणि उत्तर वाईट आलं तर पुढे कोणी काय करायचं तेही ठरलेलं असायला हवं. ही गृहभेटीची पद्धत मुळात महाराष्ट्रातली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ती उभी केली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून ती देशभर आशांमार्फत सुरू झाली. घरी जाऊन, साध्या मोजमापाने, बाळं वाचवता येतात हे तिने दाखवून दिलं. आईची झोपही त्याच रीतीने, घरी जाऊन विचारण्यासारखी आहे.

‘मूल झालं की झोप जायचीच, त्यात सरकारने काय करायचं?’ असं कोणी म्हणेल. त्याआधी एका रात्रीचा हिशोब नीट मांडू.

बाळ पंधरा-वीस दिवसांचं आहे असं धरा. रात्री दीडला ते चुळबुळ करतं. ओठ चाटणं, मूठ तोंडाकडे नेणं, मान वळवून शोधणं ही भुकेची पहिली लक्षणं, रडणं सगळ्यात शेवटचं. आई उठते, दिवा लावते, ओला लंगोट बदलते. पाच मिनिटं गेली. पाजायला बसते. या वयाचं बाळ पिता पिता पेंगतं, तळपायाला बोट लावलं की पुन्हा चार घोट घेतं, त्यामुळे पंचवीस-तीस मिनिटं सहज जातात. मग खांद्यावर घेऊन ढेकर, दहा मिनिटं. खाली ठेवलं की डोळे उघडतं. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप हलकी, हातपाय हलवत चाललेली असते, आणि झोप लागताना आधी हीच हलकी झोप येते. म्हणून मांडीवर झोपलेलं बाळ गादीवर टेकताच जागं होतं. पुन्हा मांडीवर दहा मिनिटं. तेवढ्यात शी होते, पुन्हा लंगोट. शेवटी बाळ झोपतं, पण आईला स्वतःला झोप लागायला दहा-पंधरा मिनिटं जातातच. दीडला सुरू झालेलं काम पावणेतीनला संपलं. पुढची भूक मोजायची ती मागचं पाजणं सुरू झाल्यापासून, दोन-अडीच तासांनी, म्हणजे साडेतीन-चारला. हातात उरला जेमतेम तास.

चोवीस तासांत असं आठ ते बारा वेळा. सगळे तुकडे जोडले तर बेरीज पाच-सहा तास भरते, आणि घरातली माणसं तीच बेरीज करून म्हणतात, ‘झोपते की दिवसभर.’ पण मोठ्या माणसाच्या झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं. तासाभराच्या तुकड्यात ते पुरं होत नाही. महिनाभर एकही चक्र धड पुरं न झालेल्या माणसाला काय होतं, हे रात्रपाळीवाल्यांना विचारावं लागत नाही. हातातून वस्तू पडतात, गॅस चालू राहतो, साध्या बोलण्यावर डोळे भरून येतात. बाळाला दिवस-रात्र कळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर ते जागणार, आणि तेच बरोबर आहे. रात्री दूध बनवणारं संप्रेरक जास्त असतं, रात्रीचं पाजणं बंद केलं की दूध कमी व्हायला लागतं. म्हणून बाळाला झोपवायचे उपाय शोधू नयेत. आईच्या सव्वा तासाच्या जागेपणातलं काय काय दुसऱ्याच्या अंगावर टाकता येईल ते शोधावं. त्यात अंगावर पाजणं हे एकच काम तिचं आहे. लंगोट, ढेकर, मांडीवर झुलवणं, खाली ठेवणं, शी पुसणं ही कोणाचीही कामं.

बाळाला झोपवायच्या उपायांवर जरा थांबायला हवं, कारण थकलेल्या घरात तेच आधी सुचतात. आपल्या कोकणात परसात जायफळाचं झाड, घरात सहाण. ‘दोन वळसे जायफळ चाटव, गप झोपेल.’ झोपतं, हे खरं. पण गुंगीतलं बाळ भुकेला उठत नाही. उठत नाही म्हणून पीत नाही, पीत नाही म्हणून शी कमी होते, आणि कावीळ वाढवणारा पिवळा घटक शीतूनच बाहेर जायचा असतो, तो अंगात साठतो. शिवाय आजारी पडलेल्या नवजात बाळाचं पहिलं लक्षण म्हणजे सुस्ती. जायफळाच्या गुंगीत ती झाकली जाते, आणि घर ‘आज शहाणं झालंय’ म्हणून निवांत राहतं. वेखंडाचंही तसंच, त्याने लहान बाळांना उलट्या होतात. मध तर वर्षभर वर्ज्य. मधातल्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाचे स्नायू लुळे पडणारा आजार होऊ शकतो. आजीने सहाण काढून ठेवावी असं सांगताना तिचा अपमान करायचा नाही. तिला दुसरं, जास्त मोलाचं काम द्यायचं आहे.

कारण आजीच्या काळची व्यवस्था मूर्खपणाची नव्हती. सव्वा महिना बाळंतिणीने चुलीपाशी जायचं नाही, विहिरीवर जायचं नाही, जड उचलायचं नाही. तिची खोली वेगळी, जेवण हातात, अंगाला तेल लावायला बाई, बाळाला न्हाऊ घालायला दुसरी. विटाळाच्या नावाने का होईना, पण त्या बाईला चाळीस दिवस कामातून सुटका मिळत होती. विटाळ गेला हे चांगलं झालं. त्याबरोबर सुटकाही गेली, ती जायला नको होती.

ती व्यवस्था माणसांवर उभी होती. घरात सासू, जाऊ, आते, विधवा मावशी, शेजारची बाई, हाकेच्या अंतरावर सुईण. आज ती माणसं नाहीत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा जवळजवळ पाच टक्क्यांनी घटलेली होती, सिंधुदुर्गाची दोन टक्क्यांहून थोडी जास्त. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, सिंधुदुर्गात १०३६. कर्ते पुरुष मुंबई-ठाण्यात आहेत, हे त्या आकड्यातच दिसतं. वाडीतल्या दहा घरांपैकी काहींना कुलूप, काहींत साठी-सत्तरीची दोन माणसं. बाळंतीण माहेरी येते ती अशा घरात, जिथे आईचे गुडघे गेलेत आणि वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय. नवरा बारसं आटपून रात्रीच्या गाडीने मुंबईला. नियम जुने राहिले, ते निभावणारे हात गेले. न्हाणी, शेक, धुरी, मालीश, पाचवी, बारसं, बघायला येणारे पाहुणे हे सगळं तेवढंच आहे, आणि ते आता एकटी साठीची बाई आणि टाके पडलेली तिची लेक मिळून करतात.

म्हणून काय ठेवायचं आणि काय सोडायचं याची निवड करावी लागेल. तिची विश्रांती वाढते की घटते, एवढंच बघून ती करावी. मालीश करणारी बाई दुपारी तासभर येते आणि त्या तासात बाळही तिच्याकडे असतं, तर ठेवावं. पहाटे साडेपाचला पाणी तापवून न्हाणी, मग शेक, मग धुरी, आणि रात्रभर जागलेल्या बाईने त्यासाठी उठायचं, तर ती वेळ बदलावी. आंघोळ अकराला केली तर काही बिघडत नाही, उलट पावसाळ्यात तेव्हा उजेड आणि ऊब असते. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून घेण्याची रीत मात्र सोडावीच. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि त्याने येणारी ग्लानी थकव्यासारखीच दिसते. अळिवाची खीर, कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज, नाचणीची आंबील ही उत्तम. दूध वाढावं म्हणून मोरीचं (शार्क माशाचं) कालवण देतात, त्याऐवजी बांगडा, तारली, पेडवे द्यावेत. मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशात पारा साठतो, तो दुधातून बाळापर्यंत जाऊ शकतो.

आता चार तासांचा सलग तुकडा कसा काढायचा ते. सगळी खटपट त्यासाठीच आहे.

पहिले दोन आठवडे, बाळाचं जन्माचं वजन परत भरेपर्यंत, एकही पाजणं चुकवू नये. पहिल्या काही दिवसांत वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणं स्वाभाविक आहे, दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ते भरून येतं. या काळात आईने फक्त पाजावं. बाळ तिच्याकडे आणून द्यायचं काम, आणि पाजून झाल्यावर घेऊन जायचं काम दुसऱ्याचं. तिने कुशीवर झोपून पाजायला शिकावं. पाठीमागे एक उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक, बाळ तिच्याकडे कुशीवर, पोटाला पोट, बाळाचं नाक स्तनाग्राच्या समोर. सिझेरियनच्या टाक्यांवर यात भार येत नाही. खुर्चीत किंवा झोपाळ्यावर बसून पाजताना डोळा लागला तर बाळ घसरून कोपऱ्यात दबण्याचा धोका जास्त असतो, म्हणून झोप येत असेल तर आधीच नीट केलेल्या अंथरुणावर आडवं होणं बरं. अंथरूण घट्ट हवं, बाळाजवळ उशी आणि जाड गोधडी नको, पाजून झाल्यावर बाळ पाठीवर. दारू प्यायलेलं किंवा बिडी-सिगरेट ओढणारं माणूस त्या अंथरुणावर अजिबात नको.

लंगोट पाजायच्या आधी किंवा दोन बाजूंच्या मध्ये बदलावा. पाजून झोपलेल्या बाळाचा बदलायला गेलं की ते जागं होतं आणि अर्धा तास वाढतो. खोलीत झिरोचा पिवळा बल्ब पुरे. ट्यूबलाइट लागली की आईचीच झोप उडते. ढेकर आलीच पाहिजे असंही नाही, दहा मिनिटं उभं धरलं आणि बाळ शांत असलं तर खाली ठेवावं.

तिसऱ्या आठवड्यापासून, वजन भरलं असेल आणि पाजणं बसलं असेल, तर रात्रीचं एक पाजणं काढलेल्या दुधावर भागवता येतं. सकाळी सहा-सातच्या सुमाराला दूध जास्त असतं. पाजून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं हाताने काढावं. अंगठा आणि पहिलं बोट काळ्या भागाच्या कडेवर, आधी छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे, पुढे ओढायचं नाही. उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या वाटीत ते गोळा करून लगेच फ्रिजमध्ये, दारात नव्हे, आतल्या बाजूला. बाहेर ठेवायचं तर साधारण पंचवीस अंशांच्या खोलीत चार तास धरतात. वैशाखात आपल्याकडे घरातलं तापमान तिशीच्या वर असतं, तेव्हा दोन तासांच्या पुढे भरवसा ठेवू नये. पावसात वीज गेली आणि दोन-दोन तास आलीच नाही, तर त्या दिवशी साठवणीचा नाद सोडावा. एका वेळेला साठ ते नव्वद मिली लागतं, ते दोनदा-तीनदा काढून जमतं. पहिल्यांदा वीस मिलीच निघालं म्हणून ‘दूध नाही’ असं ठरवणं चूक. हाताने काढणं हा सरावाचा भाग आहे, बाळ त्यापेक्षा कितीतरी जास्त ओढतं.

रात्री साडेआठला आई पाजते आणि पावणेनऊला झोपते, शक्यतो दुसऱ्या खोलीत, दार लोटून. साडेदहा-अकराला बाळ उठेल. ज्याची पाळी असेल त्याने वाटी गरम पाण्यात ठेवून दूध कोमट करावं, गॅसवर नाही. बाळाला अर्धवट बसतं धरावं, वाटीची कड किंवा बोंडल्याची चोच खालच्या ओठाला लावून थांबावं. बाळ जिभेने चाटत घेतं. ओतायचं नाही, ओतलं की ठसका लागतो. बोंडलं चांगलं उकळून घ्यावं, त्याच्या चोचीत साय अडकते आणि कुजते. पाऊण वाजता बाळ आईकडे. तिची चार तास झोप झालेली असते. पहाटेची पाळी मग ती निभावू शकते. छाती दाटून आली तर थोडं दूध काढून मोकळं करावं, नाहीतर गाठी येतात आणि तापही येतो.

‘पुरुषाला सकाळी कामावर जायचं असतं’ हा आक्षेप खरा आहे, तो उडवून लावू नये. रात्रभर जागलेल्या माणसाने आंबा घाटातून गाडी चालवणं किंवा ट्रॉलरच्या डेकवर जाळं ओढणं, दोन्ही जिवावरचं. म्हणूनच त्याची पाळी पहाटेची न ठेवता साडेआठ ते पाऊणची ठेवायची. पावणेएकला झोपून साडेसहाला उठलेला माणूस कामाला जाऊ शकतो. बाई मात्र दिवसाही कामावरच असते, हे विसरू नये. मच्छीमारांच्या घरात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत जन्मलेल्या बाळाच्या बापाला ही पाळी न जमण्याचं कारणच नाही. मुंबईच्या चाकरमान्याचं वेगळं. तो गावी नाहीच. त्याने आठवड्यातून एकदा येऊन बाळाचे फोटो काढण्यापेक्षा, सलग दहा-बारा दिवस रजा काढून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात यावं. बारशाला गर्दी असते, मदत तेव्हा पुष्कळ असते. बारसं झालं की घर रिकामं होतं आणि खरी तंगी तेव्हाच येते. बाळाचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, हेही रजा ठरवताना ध्यानात घ्यावं.

पावसाळ्यातल्या लंगोटांचं काम तर सरळ घरातल्या पुरुषाच्या नावावर टाकावं, आजोबांच्या सुद्धा. दिवसाला पंधरा-वीस लंगोट लागतात. फाल्गुनात ते दोन तासांत वाळतात, वीस-बावीस असले तरी भागतं. आषाढात रत्नागिरीचा पाऊस सुरू झाला की कपडा दीड-दोन दिवस ओला राहतो, तेव्हा चाळीस-पंचेचाळीस तरी हवेत. जुन्या धोतराचे किंवा सुती लुगड्याचे, एकेरी घडीचे. जाड शिवलेले वाळत नाहीत. शीचा कपडा आधी वेगळा धुवावा, मग साबण, मग दोन पाण्यांतून खंगाळावा. साबण राहिला की मांड्यांत पुरळ येतं आणि दोष दुधाला लागतो. बाळंतिणीच्या खोलीत दोऱ्या बांधून वाळत घालू नयेत, खोली कोंदट होते. पडवीत दोरी, समोर टेबलफॅन, आणि शेवटी इस्त्री. इस्त्रीने उरलेली ओल जाते आणि बुरशीही मरते. चुलीवर धुरात वाळवलेले कपडे बाळाच्या नाकाला चांगले नाहीत. थोरल्या भावंडाचे, ट्रंकेतून काढलेले कपडे डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले असतील तर ते धुऊन, उन्हात चांगले वाळवून, वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नयेत. काही बाळांच्या रक्तात एका विकराची (एन्झाइमची) उपजत कमतरता असते, त्यांना त्या गोळ्यांच्या वाफेनेही रक्तपेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. आणि रात्री दोन डिस्पोजेबल डायपर वापरले तर ‘आमच्या वेळी’ची गोष्ट कोणी काढू नये. त्या दोन डायपरनी आईचा एक तास वाचतो.

घराने एवढं केलं तरी राज्याची जबाबदारी संपत नाही. आणि ही जबाबदारी राज्याची आहे, हे मुंबई इलाख्यात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी बोललं गेलं आहे. कोकणातल्याच माणसांनी ते बोललं. रायगडातल्या गोरेगावचे कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती रजेचं विधेयक आणलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांसाठीचं विधेयक आलं, तेव्हा मंडणगडातल्या आंबडव्याचं मूळ असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला. त्या गिरण्यांत कोकणातल्या कितीतरी बायका राबत होत्या.

पुढे १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आला, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा बाराऐवजी सव्वीस आठवडे झाली. कागदावर भरघोस. पण तिचा फायदा मिळतो तो कारखान्यात, किंवा दहा आणि त्याहून जास्त माणसं असलेल्या दुकानात-आस्थापनेत, मागच्या बारा महिन्यांत किमान ऐंशी दिवस भरलेल्या बाईला. वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या घरगुती काजू युनिटमध्ये तुकड्यावर सोलणी करणारी, हर्णैच्या किनाऱ्यावर पाटी घेऊन बसणारी, आंब्याच्या हंगामात पेट्या भरणारी, लावणीला जाणारी बाई त्यात कुठे बसते? तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे पहिल्या मुलाला ५००० रुपये, तेही दोन हप्त्यांत, आणि दुसरी मुलगी झाली तर ६०००. रोजगार हमीच्या २०२४-२५ च्या २९७ रुपये रोजाने हिशोब केला तर पाच हजार म्हणजे सतरा दिवसांची मजुरीही नाही. सव्वा महिन्याची विश्रांती त्यात कशी विकत घ्यायची? ही रक्कम किमान बेचाळीस दिवसांच्या मजुरीला बांधावी आणि बाळंतपणानंतर एकरकमी द्यावी. त्यापेक्षा कमी मागण्यात अर्थ नाही.

बापाच्या रजेचं तर नावच नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पहिल्या दोन अपत्यांसाठी पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते, जन्माच्या पंधरा दिवस आधीपासून सहा महिन्यांपर्यंत कधीही घेता येते. खाजगी नोकरीत असा कायदा नाही. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये खाजगी विधेयक आणलं होतं, ते पुढे गेलं नाही. राज्याने निदान मुंबई-ठाण्यातल्या आस्थापनांना पंधरा दिवस बंधनकारक करायला काय हरकत आहे? ‘रजा घेऊन पुरुष क्रिकेट बघत बसतील’ हा युक्तिवाद मला पटत नाही. काही बसतील. पण आज ज्याला खरोखर थांबायचं आहे, त्यालाही बारशाच्या रात्री गाडी पकडावी लागते.

आशाताईचा भारही मोजायला हवा. हजार लोकवस्तीमागे एक आशा हा नियम सपाट, दाट गावाला ठीक. कोकणात हजार माणसं सात-आठ वाड्यांत, मध्ये डोंगर, वहाळ आणि कातळ, अशी पसरलेली असतात. पावसात साकव वाहून गेला की पलीकडच्या वाडीला जायला दुप्पट अंतर. सहा भेटी पूर्ण केल्यावर ठरलेले २५० रुपये, म्हणजे एका भेटीला बेचाळीसही नाहीत. तिच्या फॉर्मात आणखी एक प्रश्न घाला असं मी म्हणतो, तेव्हा तिचा मोबदला वाढवा आणि नेमणूक लोकसंख्येऐवजी वाड्या आणि अंतर धरून करा, हे त्यातच आलं. फुकट ओझं वाढवायला मी सांगत नाही.

प्रश्न साधा असावा: ‘कालपासून आजपर्यंत सलग सगळ्यात जास्त किती वेळ झोपलीस?’ एकूण झोप विचारू नये, त्याचं उत्तर कोणालाच नीट देता येत नाही. तो घरच्या माणसांसमोर विचारावा, म्हणजे उत्तर त्यांच्याही कानावर पडतं. सात, चौदा आणि एकवीस या तिन्ही भेटींत उत्तर दोन तासांच्या आत असेल तर आशाताईने तिथेच सासूला, आईला, नवऱ्याला (तो मुंबईत असेल तर फोनवर) बसवून पाळी ठरवून द्यावी. आरोग्य खात्याचं माणूस सांगतं तेव्हा घर ऐकतं. बाळाचं वजन रोज वीस-तीस ग्रॅमने वाढत असेल तर वरच्या दुधाचा विषय तिथेच संपवावा.

दुसरा प्रश्न एकटीला विचारायचा: ‘बाळ झोपलेलं असताना, दुसरं कोणी बघायला असताना, तुला झोप लागते का?’ दमलेल्या बाईला लागते. नैराश्यातल्या बाईला तेव्हाही लागत नाही, आणि हा फरक गावपातळीवर ओळखता येण्यासारखा आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं बहुतेकींना होतं, दोन आठवड्यांत ते ओसरतं. त्यानंतरही राहिलं तर ते वेगळं. आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यात, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं नातं आणि मुलगी झाल्याची नाराजी या गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या होत्या. त्यांच्या पुढच्या अभ्यासात अशा आयांच्या बाळांचं वजन सहा महिन्यांनी कमी राहण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. बाळाचं वजन मोजायला जाणाऱ्या यंत्रणेने आईचं मन का विचारायचं, याचं उत्तर त्यात आहे. यासाठी दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली १९८७ पासून जगभर वापरात आहे, पाच मिनिटांत होते. बेचाळिसाव्या दिवशी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ती भरून घ्यावी. १४४१६ हा टेलि-मानसचा फोन चोवीस तास चालू असतो, तो नंबर माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक छापावा.

आणि एक गोष्ट फोनवर सोडून चालत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एखादी बाई दोन-तीन रात्री अजिबात झोपत नाही तरी थकलेली दिसत नाही, सारखी बोलते, घरच्यांवर संशय घेते, कोणाचा तरी आवाज येतो म्हणते, बाळाबद्दल विचित्र बोलते. बाहेरचं लागलं म्हणून अशा वेळी देवाला गाऱ्हाणं घालायची धावपळ होते. गाऱ्हाणं घालणाऱ्यांनी घालावं, पण गाडी आधी जिल्हा रुग्णालयाकडे न्यावी. बाळाला तिच्याजवळ क्षणभरही एकटं ठेवू नये, तिलाही एकटं सोडू नये, आणि १०८ ला फोन करताना ‘बाळंतीण आहे, इतक्या दिवसांची’ हे पहिल्या वाक्यात सांगावं. वेळेवर औषध मिळालं तर अशा बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. पुढच्या बाळंतपणात हे पुन्हा होऊ शकतं, म्हणून तिच्या कार्डावर त्याची नोंद करून घ्यावी आणि पुढच्या गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीला ते कार्ड डॉक्टरांना दाखवावं.